संगिताचा एकच पिक्चर

संगिताला नकला छान जमायच्या. घोलवडच्या ज्या नर्सरीत ती चिकूची कलमं बांधायची, तिथं दुपारी डबे उघडले की बायका तिला मध्ये बसवत आणि फर्माइश करत. फोनवर अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलत भाव पाडणारा व्यापारी, अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायला येणाऱ्या मॅडम, दारू उतरल्यावर बायकोची समजूत काढणारा नवरा, सगळे तिच्या अंगात यायचे. हसवता हसवता ती मध्येच असं काहीतरी करायची की हसणं थांबायचं. एकदा तिनं नवऱ्यानं टाकलेली बाई केली. बोलली काहीच नाही. नुसती चुलीपुढं बसल्यासारखी बसली, भाकऱ्या थापू लागली आणि एक भाकरी हातात घेऊन थांबली, की ही आता कोणासाठी. शेजारी बसून कलमं बांधणारी दक्षा म्हणाली, "पुरे गं बाय, घास उतरत नाही."

तिचं माहेर डहाणूच्या पूर्वेच्या डोंगरात. बाप भात आणि नागली पिकवायचा. ती आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकली आणि तलासरीकडं एका लग्नात मिथुन वरठा भेटला. आधी ती त्याच्या घरी वेवजीला राहायला आली, लग्न मागाहून, पोरगी झाल्यावर लागलं. त्यांच्या आदिवासी समाजात त्याचं कोणाला काही वाटत नाही. पोरीचं नाव भारती ठेवलं. घरात मिथुनची आई जमना, थोडी भातशेती, पुढची भिंत विटांची आणि मागची अजून कुडाची.

मिथुन हद्दीपलीकडं, गुजरातेत, उंबरगावला प्लास्टिकच्या कंपनीत मशीनवर होता. दारू प्यायचा नाही, आवाज चढवायचा नाही. शिफ्टवरून येताना भाजी आणायचा. नर्सरीतल्या बायका म्हणायच्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं. संगितालाही तसंच वाटायचं. तिचं त्याच्यावर खरंच प्रेम होतं. पुढं जे झालं ते ऐकून पुष्कळांनी उलटा तर्क केला, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

कोसबाडच्या बाजूचा नितीन लग्नाची, हळदीची शूटिंग करायचा. आदिवासी गाण्यांचे अल्बम बनवून आपल्या चॅनलवर टाकायचा आणि गावागावांत ते चालायचे. त्याला आता नाचगाण्याचं नाही, स्टोरीचं काहीतरी करायचं होतं. स्टोरी अशी : मंदा नावाची बाई, नवरा नाइट शिफ्टला, तिचं एका रिक्षावाल्याशी जुळतं. मग खोटं बोलणं सहन होईना म्हणून ती स्वतःच नवऱ्याला सगळं सांगते आणि नवरा तिला माफ करतो. अल्बममध्ये नाचायला पोरी तयार होत्या, पण मंदा व्हायला एकही तयार नव्हती. कोणीतरी त्याला संगिताचं नाव सांगितलं. तो नर्सरीत आला.

"नितीनभाऊ, मला पिक्चर नाही जमणार," संगिता म्हणाली.

"नकला जमतात ना?"

"नकला दुसऱ्याच्या असतात."

"मंदा पण दुसरीच आहे की."

घरी जमनानं ऐकल्या ऐकल्या मान हलवली. "मंदाला कोण ओळखतो इथं? तुला ओळखतात."

मिथुन मात्र म्हणाला, "करू दे ना आई. तिला येतं ते." संगिताला त्याचं इतकं बरं वाटलं की तिनं त्या रात्री त्याच्यासाठी सुकटीचं कालवण केलं. नितीननं मिथुनला पाहिलं आणि नवऱ्याचं काम त्यालाच दिलं. चेहरा साधा, डोळे पाणीदार. शिवाय खरा नवराच समोर उभा असल्यावर लोक काय बोलणार?

भातझोडणी आटपल्यावर शूटिंग सुरू झालं, रविवारी रविवारी. प्रियकर झाला तलासरीचा विनोद, तो खराच रिक्षावाला होता आणि प्रत्येक शॉटला हसायचा. मिथुनला कधीकधी रविवारचा ओव्हरटाइम लागायचा, मग त्या दिवशी नितीन त्याच्याविना असलेले सीन घ्यायचा. तो संगिताला नजर कुठं ठेवायची ते सांगायचा, हात कुठं थांबवायचा ते सांगायचा. एकदा त्यानं लॅपटॉपवर तिला तिचा शॉट दाखवला. मंदा ओट्यावर बसून रस्त्याकडं बघते आहे, एवढंच.

"ही मी?" संगिता म्हणाली.

"ही मंदा," नितीन म्हणाला आणि हसला.

त्या बाईच्या चेहऱ्यावर काय काय चाललं होतं. आपल्याकडं इतका वेळ, इतकं लक्ष देऊन कोणी बघितलं असेल असं संगिताला कधी वाटलं नव्हतं.

शेवटचा मोठा सीन त्यांच्याच घराच्या ओट्यावर ठेवला होता. मंदा नवऱ्याला सांगते. संगितानं पहिल्या वेळीच असा सीन दिला की माईक धरलेलं पोर माईक सांभाळायचंच विसरलं. "मी तुला फसवलं," ती म्हणाली. "मला मार, हाकलून दे. पण रोज तुझ्या डब्यात भाकरी बांधताना मला मेल्यासारखं होतं." मिथुनला त्यावर एवढंच बोलायचं होतं, "चुकलीस. पण खरं बोललीस, ते पुरे."

त्याला ते जमेना. तो खाली बघायचा, शब्द गिळायचा. नितीननं पुन्हा घेतलं, मग पुन्हा. शेवटी संगिता तेच बोलली आणि मिथुन हुंदके देऊन रडू लागला. ओठ आवळायचा, परत फुटायचा. त्या रडण्यातच कसंबसं त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं. नितीननं कॅमेरा थांबवला नाही. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विनोदसुद्धा हसला नाही. दारात उभी असलेली जमना तेवढी पाठ फिरवून आत गेली.

संगितानं टाळ्या वाजवल्या नाहीत. माणूस रडायचं सोंग करतो तेव्हा त्याचं तोंड कसं होतं, हे तिला पक्कं माहीत होतं. हे सोंग नव्हतं.

दोनेक दिवसांनी मिथुनला दुपारची शिफ्ट होती. भारती शाळेत, जमना शेतावर. संगिता अंगणात तांदूळ पाखडत होती. तो बाजेवर मोबाइल बघत बसला होता.

"तू का रडलास त्या दिवशी?"

"सीनच तसा होता."

"मिथुन, मला सीन नको सांगू."

त्यानं मोबाइल पालथा ठेवला. मग बोलायला लागला आणि थांबलाच नाही. कंपनीत पॅकिंगला रमिला म्हणून एक बाई होती, संजाणच्या बाजूची. नवऱ्यानं सोडलेली. आधी नुसतं एकत्र जेवण, मग तिच्या खोलीवर जाणं. हे गेल्याच्या गेल्या होळीपासूनचं. रविवारचा ओव्हरटाइम नव्हताच कधी.

संगिताचे हात सुपावर थांबले होते.

"तिला एक पोरगा आहे," मिथुन म्हणाला. "सकाळची शिफ्ट नसली की मीच त्याला शाळेत सोडतो."

बाकी सगळं तिनं ऐकून घेतलं होतं. हे ऐकून तिनं सूप खाली ठेवलं. भारतीला शाळेत सोडायला तो एकदाही गेला नव्हता. रस्ता सरळ आहे, पोरं पोरं जातात, म्हणायचा.

सांगून झाल्यावर मिथुनचा चेहरा मात्र हलका झाला. खांदे सैल पडले. "चहा आहे का?" त्यानं विचारलं.

तिनं चहा केला. का केला ते तिला आजही सांगता येत नाही. तो अर्धा कप प्यायला आणि म्हणाला, "बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

"पिक्चरमध्ये मी तुला माफ केलं ना?"

"ते नितीननं लिहिलं होतं, मिथुन."

त्यानं कप खाली ठेवला. मग रागावून नाही, विनवल्यासारखं म्हणाला, "आता खरंच बोलायचं ठरलं तर दोघांनी बोलू. तुझं पण काही असेल तर सांग. मी काही म्हणणार नाही."

तिच्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं आणि होतंही. ती नाही म्हणाली असती तर खोटं ठरलं नसतं. पण नुकतंच एवढं खोटं तिच्या पुढ्यात ओतलं गेलं होतं की आणखी थेंबभरही तिला नको होतं. ती म्हणाली, "मी रविवारची वाट बघायचे. नितीन कॅमेऱ्यामागून बघायचा तेव्हा बरं वाटायचं. आधी त्याला नितीनभाऊ म्हणायचे, ते कधी सुटलं मला कळलं नाही. बस, एवढंच. त्याला ठाऊक पण नसेल."

मिथुननं मान डोलावली. "एवढंच ना?" म्हणाला आणि डबा घेऊन कामाला गेला.

रमिलाला सोडतो असं त्यानं कबूल केलं. काही आठवडे तो वेळेवर घरी यायचा. भारतीचा हात धरून एकदा शाळेतही गेला. संगिता त्याच्याशी बोलायची, जेवायला वाढायची. रात्री कुशीवर वळून भिंतीकडं बघत पडायची. सांगितल्यानं सगळं नीट होईल असं त्याला वाटत होतं आणि अजून कसं होत नाही म्हणून तो हळूहळू चिडायला लागला होता.

होळीच्या सुमारास पिक्चर चॅनलवर आला. आठवड्यात तो तलासरी, डहाणू, पार सेलवासपर्यंत पोचला. हळदीच्या मांडवात लावला गेला. बायका रडल्या. आणि संगिताचं नाव मंदा झालं. टमटममध्ये ती चढली की मागून कोणीतरी म्हणायचं, "सरका, मंदा आली." रेशनच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आज नवरा नाइटला का?" आणि रांग हसली. नर्सरीत एक नवी बाई तिच्याशेजारी बसेना, तेव्हा दक्षा तिच्यावर धावून गेली. संगिता एकदोघांना म्हणाली, अहो, ते पिक्चर होतं. लोक म्हणायचे, हो हो, माहीत आहे ना आम्हाला. आणि पुन्हा तसंच बघायचे.

मिथुनला मात्र लोक खांद्यावर हात ठेवून भेटायचे. कंपनीत कोणी चहा पाजायचं. "भाऊ, मोठं काळीज तुझं." पहिल्यांदा तो म्हणाला, अरे, ती स्टोरी आहे. नंतर म्हणायचं सोडून दिलं. जो अपराध त्यानं स्वतः केला होता, त्याची भरपाई लोक त्यालाच देत होते आणि त्याला ती गोड लागत होती.

पावसाच्या आधी त्याचे रविवार परत सुरू झाले. संगितानं विचारलं तर म्हणाला, ओव्हरटाइम.

"खोटं नको," ती म्हणाली. "जायचं तर जातो म्हणून सांग आणि जा."

"तू मला खरंखोटं शिकवू नको," मिथुन म्हणाला. "तुझं पण होतंच की."

अंगणात तांदूळ पाखडताना सांगितलेली गोष्ट तो अशी उचलून दाखवील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिनंच गावपंच बसवायला सांगितलं. एक तर त्यानं घर धरावं, नाही तर सरळ काडीमोड द्यावी. शाळेच्या व्हरांड्यात पंच बसले. गावातला वडीलधारा देवजी मध्ये होता, त्याचा शब्द सगळे मानत. तिच्या बाजूनं भाऊ लहान्या आला होता. देवजीनं मिथुनला विचारलं. मिथुननं रमिलाचं नाकारलं नाही. पण म्हणाला, "माझ्या एकट्याचं बघू नका. घरात काय चाललं होतं ते पण विचारा. नितीनबरोबर. हिनं स्वतः कबूल केलंय माझ्याजवळ."

मागं बसलेल्या कोणीतरी मोबाइल काढला आणि आवाज मोठा केला. सगळ्या पंचांमध्ये संगिताचाच आवाज उमटला, "मी तुला फसवलं. मला मार, हाकलून दे."

"ते पिक्चर आहे!" लहान्या ओरडला.

देवजीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं हळू आवाजात विचारलं, "पोरी, पिक्चरचं सोड. मिथुन बोलतो ते खरं का खोटं?"

खोटं, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पुरावा कोणाजवळच नव्हता. लहान्या तिच्याकडं बघत, नाही म्हण, अशी मान हलवत होता. संगिता म्हणाली, "मी वाट बघायचे, हे खरं. बाकी काही झालं नाही. हात पण लागला नाही."

पहिलं वाक्य ऐकल्यावर दुसरं कोणी ऐकलं नाही. व्हरांड्यात एकच गलका झाला.

नितीनलाही बोलावलं होतं. तो कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. देवजीनं विचारल्यावर म्हणाला, "मला यातलं काही माहीत नाही. मी फक्त शूटिंग करतो." यात खोटं काही नव्हतं. पण तो बोलताना तिच्याकडं बघत नव्हता आणि लोकांनी नेमकं तेच पाहिलं.

दोघांचंही चुकलं, असा निवाडा झाला. काडीमोड झाली. घर मिथुनचं, पोरगी बापाच्या घरची. मिथुन तर दुसऱ्या दिवशीच कपडे घेऊन उंबरगावला रमिलाच्या खोलीवर गेला. जमनाला एकटीला पोर सांभाळणं होईना, म्हणून भारतीला आश्रमशाळेत घातली.

संगिता घोलवडला नर्सरीच्या मागं, कुंड्या ठेवायच्या शेडलगतच्या खोलीत राहू लागली. एका सुट्टीला ती कोसबाडला नितीनकडं गेली. पिक्चर काढून टाक म्हणाली.

नितीन खुर्चीवरून उठला, परत बसला. "संगिता, एवढा कोणाचाच पिक्चर चालला नाही आपल्याकडं. लोक तुझं काम बघून रडतात."

"मला नको ते काम."

तो नखं कुरतडत राहिला. मग म्हणाला, "मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं."

"काय बोलणार होतास?"

तोही रविवारची वाट बघायचा का, हे तिला विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही. दोनतीन आठवड्यांनी त्यानं पिक्चर काढला खरा, पण तोवर ओट्यावरचा तो सीन कोणीतरी कापून, खाली रडकं गाणं लावून मोबाइलमोबाइलवर फिरवला होता. तो काही निघाला नाही. अजूनही फिरतो.

भात लावून झाल्यावर जमना तिच्या खोलीवर आली. पिशवीत नागलीचं पीठ आणि वाळवलेले बोंबील. दारातच बसली.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "त्या रमिलाचं. तुला समजायच्या आधीपासून. पोराचं घर मोडू नये म्हणून तोंड शिवून बसले. पंचात पण बसूनच राहिले."

संगितानं तिला पाणी दिलं. जमनाला वाटलं होतं, ही ओरडेल, नाही तर रडेल. तसं काही झालं नाही. संगितानं पीठ डब्यात ओतलं, पिशवी झटकून घडी करून तिच्या हातात दिली. म्हातारी थोडा वेळ बसली आणि टमटमच्या वेळेला उठली.

आश्रमशाळेत रविवारी आईबापांना भेटू देत. संगिता डबा घेऊन जायची. व्हरांड्यातल्या मोठ्या मुली एकमेकींना कोपरं मारायच्या. भारती आधी पळत यायची, मग चालत येऊ लागली. एका रविवारी ती शाळेमागच्या चिंचेखाली आईजवळ बसली आणि डबा न उघडता म्हणाली, "तू पप्पाला फसवलंस?"

"नाही."

"सगळ्या पोरी बोलतात. त्यांनी बघितलंय."

"त्यात मी मंदा झालेले. नकला करते तशी."

भारती बोटानं मातीत रेघा ओढत होती. "मग पप्पानं तुला फसवलं?"

संगिताला लहान्यानं बजावलं होतं, पोरीपुढं बापाचं वाईट बोलू नको, आमचं जमलं नाही म्हण आणि मोकळी हो. खरं बोलून तिच्या पदरात काय पडलं होतं, हे ती विसरली नव्हती. पण आता खोटं बोललं तर पोरीजवळ फक्त त्या मोबाइलमधली आई उरली असती.

"हो," ती म्हणाली. "फसवलं. पण तुझ्यावर त्याची माया आहे."

भारती उठली. मागं न बघता वसतिगृहात गेली. डबा तिथंच राहिला.

पुढच्या रविवारी ती बाहेर आली नाही. पोटात दुखतं म्हणते, बाईंनी सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारीही आली नाही. संगिता दोन्ही वेळा भेटायची वेळ संपेपर्यंत फाटकाजवळ बसली आणि डबा तसाच परत घेऊन आली. दक्षा म्हणाली, थोडे दिवस जाऊ नको, पोर आपणहून विचारील. संगितानं ऐकलं नाही, ती रविवारी जातच राहिली.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या रविवारी भारती आली. उंच झाली होती, केस बारीक कापले होते. आईशेजारी बसली, पण अंतर ठेवून. भारतीनं डबा उघडला आणि खाली मान घालून भाकरी, बोंबलाची चटणी सगळं खाल्लं. मग नळावर जाऊन डबा धुतला, फ्रॉकला पुसला आणि आईच्या हातात दिला.

"सुट्टीत आजीकडं जाणार?" संगितानं विचारलं.

भारतीनं खांदे उडवले. घंटा झाली तशी ती गेली.